पट्टा आणि पट्टी

गेल्या दिवाळीला याच पानावर मी माळ्यावरच्या अडगळीविषयी लिहिले होते. ते कोणाच्या ध्यानात असेल असा माझा मुळीच समज नाही; पण त्या अडगळीतली एक वस्तू वर्षभरात खाली उतरली, चालू झाली, आणि तिने आमच्या घरातला जवळजवळ चाळीस वर्षांचा एक तंटा मिटवला, म्हणून पुन्हा तिथूनच सुरुवात करतो. ती वस्तू म्हणजे आमच्या मामांनी परदेशाहून आणलेले तबकडी वाजवायचे यंत्र. त्याला ग्रामोफोन म्हटले की मामा रागवत. ग्रामोफोनला चावी असते, भोंगा असतो. याला होती एक जड थाळी, थाळीखाली एक लहान आतली थाळी, कोपऱ्यात पेढ्याच्या डब्याएवढी मोटर आणि दोघांना जोडणारा रबराचा चपटा पट्टा. शिवाय वेग कमीजास्त करायला बटण असे काहीही नाही. "याला वेग लावावा लागत नाही, तो असतोच," असे मामा म्हणत. या एका वाक्याने पुढे फार घोळ केला.

आम्ही तेव्हा सांगलीला राहत होतो. साल १९८६. अण्णा, म्हणजे आमचे वडील, कचेरीतून सहाला घरी येत, चहा घेत आणि पेटी पुढे ओढून बसत. आक्का सतरा वर्षांची होती. तिची मध्यमा पूर्णची तयारी चालली होती. यंत्र आल्यापासून अण्णांनी नवा क्रम सुरू केला होता: तबकडी लावायची, पेटीवर तिचा षड्ज धरायचा आणि आक्काने बाईंच्या मागून ती चीज म्हणायची. बाई कोण ते मुद्दामच सांगत नाही. फार मोठ्या गायिका होत्या, आणि दोष त्यांचा नव्हताच.

पहिल्या रविवारी दुपारी तबकडी लावली तेव्हा बाईंचा षड्ज काळी चारवर चपखल बसला. अण्णा खूष. सोमवारी संध्याकाळी सातला तीच तबकडी लावली, तर काळी चारवर बसेना. पांढरी पाचवरही बसेना. दोहोंच्या मध्ये कुठेतरी, जिथे पेटीला पट्टीच नाही अशा फटीत बाई गात होत्या.

अण्णा म्हणाले, "पेटी बिघडली."

आक्का म्हणाली, "पेटी बरोबर आहे अण्णा. बाई खाली आल्यात."

"बाई खाली येतात होय? उद्या म्हणशील सूर्य खाली आला."

पेटी दुरुस्त करणारे एक गृहस्थ मिरजेहून आले. त्यांनी पेटी उघडली, धूळ झाडली, एकेक सूर वाजवून पाहिला आणि पेटीत काही दोष नाही म्हणून सांगितले. अण्णांना ते पटले नाही. आठवड्याने त्यांना पुन्हा बोलावले, संध्याकाळी समोर तबकडी वाजवून दाखवली आणि काळी चारचा सूर जरा घासून खाली आणायला लावला. बिचाऱ्याने नाखुषीने तो आणला. रविवारी दुपारी तबकडी लावली तर बाई वर आणि काळी चार खाली! त्या दिवशी घरात जेवणे फार शांततेत झाली.

मग अण्णांचे एक स्नेही, ज्यांचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते, ते एक पुठ्ठ्याची चकती घेऊन आले. चकतीच्या कडेला काळ्या-पांढऱ्या रेषा छापलेल्या. ही युक्ती मोठी सुरेख आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा दिशा बदलून मूळ पदावर येते, म्हणजे दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. डोळ्याला ते दिसत नाही इतकेच. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे करते. चकतीवर बरोबर १८० रेषा काढल्या, तर दोन लुकलुकींच्या मधल्या काळात प्रत्येक रेषा नेमकी पुढच्या रेषेच्या जागी येते आणि फिरत्या चकतीवरच्या रेषा जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसतात. वेग कमी असेल तर त्या हळूहळू मागे सरकतात, जास्त असेल तर पुढे पळतात. स्नेह्यांनी चकती तबकडीवर ठेवली, ट्यूबलाइट लावली. आम्ही सगळे वाकून पाहत होतो. रेषा खिळ्याने ठोकल्यासारख्या स्थिर!

"बघ," अण्णा म्हणाले, "हे यंत्राचे प्रमाण आहे. आता बोल."

आक्का म्हणाली, "रेषा थांबल्या तर थांबू देत. बाई खालीच आहेत."

यावर अण्णा जे बोलले ते मी येथे लिहीत नाही. त्यात कान, सूर आणि गर्व हे तीन शब्द होते. आक्का उठून आत गेली. त्या वर्षी ती परीक्षेला बसली नाही. पुढच्या वर्षीही नाही. तंबोऱ्याला खोळ चढली ती चढलीच. लग्न झाले, नोकरी झाली, मुलगा इंजिनिअर झाला. सणावारी कोणी "आक्का, गा ना" म्हटले की ती म्हणे, "माझा कान कच्चा आहे रे. यंत्राने सिद्ध केलंय." हे ती हसत म्हणे, आणि म्हणूनच कोणाला पुढे काही बोलता येत नसे.

आता यंत्राकडे वळू. गुन्हेगार तेच आहे, निदान सहआरोपी तरी.

जुन्या चावीच्या ग्रामोफोनात वेग सांभाळायला एक गव्हर्नर असे: पातळ पोलादी पट्ट्यांवर तीन लहान वजने. वेग वाढला की वजने बाहेर फाकत, एक चकती सरकून फेल्टच्या तुकड्यावर घासे आणि वेग आवरे. साधी, प्रामाणिक रचना. विजेची यंत्रे आली तेव्हा मोटरच्या दांड्याला रबरी चाक टेकवून थाळी फिरवू लागले. इंग्लंडात १९५४ साली निघालेले गॅरार्ड ३०१ या जातीतले नामांकित; त्यात चुंबकाने मोटरला किंचित अडवून वेग थोडा वरखाली करण्याची सोय होती. पण रबरी चाक मोटरची थरथरही थाळीपर्यंत पोचवते. म्हणून पट्ट्याची कल्पना लोकप्रिय झाली. अमेरिकेत एडगर विल्चर यांनी १९६१ साली काढलेले एआरचे स्वस्त यंत्र हे तिचे गाजलेले उदाहरण. लवचीक पट्टा मोटरची थरथर गिळून टाकतो, लहान मोटर पुरते आणि जड थाळी एकदा फिरू लागली की लहानसहान गचके अंगावर घेत नाही. पुढे स्वित्झर्लंडच्या थोरेन्सने आणि स्कॉटलंडच्या लिनने हीच वाट धरली.

या यंत्रांत बहुधा सिंक्रोनस जातीची मोटर असते. तिचा स्वभाव एखाद्या आज्ञाधारक कारकुनासारखा आहे. व्होल्टेज थोडे कमीजास्त झाले तरी ती वेग बदलत नाही. विजेच्या आंदोलनांशी मात्र पावलाला पाऊल जुळवून चालते. २४ ध्रुवांची मोटर ५० आंदोलनांच्या विजेवर मिनिटाला नेमके २५० फेरे करते. त्याचे ३३⅓ करायचे तर साडेसातास एक असे प्रमाण हवे. आतली थाळी १६० मिलिमीटर व्यासाची धरली, तर मोटरवरची कप्पी सव्वीस-सत्तावीस नव्हे, एकवीस आणि एक तृतीयांश मिलिमीटरची लागते. आणि त्यातही पट्ट्याची जाडी हिशेबात धरावी लागते. कप्पी घडवताना मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाची चूक झाली, तर वेग जवळजवळ अर्ध्या टक्क्याने चुकतो. कारागिराने हे सगळे सांभाळले की त्याचे काम संपले. पुढची जबाबदारी वीज पुरवणाऱ्याची.

आणि इथेच सांगलीची संध्याकाळ आडवी येते. आपल्याकडे १९८०-९०च्या दशकांत विजेची तूट कायमची होती. संध्याकाळी घरोघर दिवे लागले, पंप चालू झाले की वीजकेंद्रांच्या जनित्रांवर ओझे पडे, ती मंदावत आणि ५०ची आंदोलने ४८ ते ४८.५च्या आसपास उतरत. मध्यरात्री ओझे कमी झाले की ती ५०च्या वर चढत. रविवारी कारखाने बंद, म्हणून दुपारी गाडी जागेवर. समजा संध्याकाळी ४८.५ आहेत. मोटर तीन टक्क्यांनी मंद, तबकडी तीन टक्क्यांनी मंद, आणि बाईंचा सूर तीन टक्क्यांनी खाली. पेटीतल्या दोन शेजारच्या पट्ट्यांत अंतर असते सुमारे सहा टक्क्यांचे. म्हणजे बाई नेमक्या दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत!

मग रेषा का थांबल्या? वाचकहो, हाच या प्रकरणातला चोरदरवाजा. ट्यूबलाइट कशावर चालत होती? त्याच विजेवर. मोटर मंदावली तसा दिवाही मंद लुकलुकू लागला. दोघे एकाच मालकाचे चाकर, दोघांनी एकच खोटी साक्ष दिली. मोटर सिंक्रोनस असली आणि दिवा घरच्या विजेचा असला, की त्या चकतीवरच्या रेषा जवळजवळ नेहमीच थांबलेल्या दिसतात. कप्पीची चूक ती दाखवील, सैल पट्टा घसरत असेल तर तेही दाखवील. विजेची चूक कधीच दाखवणार नाही.

खरी परीक्षा अगदी सोपी होती. मिनिटाला ३३⅓ म्हणजे तीन मिनिटांत बरोबर शंभर फेरे. थाळीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवायचा, शंभर फेरे मोजायचे आणि घड्याळ पाहायचे. त्या संध्याकाळी शंभर फेऱ्यांना तीन मिनिटे साडेपाच सेकंद लागले असते. अण्णांच्या मनगटावर किल्लीचे घड्याळ होते. विजेशी त्याचा काही संबंध नव्हता. कोणाला सुचले नाही.

हे सगळे मला समजावून सांगितले आक्काच्या मुलाने. यंत्र खाली उतरवल्यावर त्याने पहिल्यांदा पट्टा काढून फेकला. रबर वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. नवा पट्टा मागवला, कप्पी आणि आतल्या थाळीची कड स्पिरिटने पुसली, थाळीच्या मधल्या खुंटीत ताजे तेल घातले. माझा सल्ला विचाराल तर ज्यांच्याकडे असे जुने यंत्र आहे त्यांनी इतके तरी करावेच, आणि हे केल्याशिवाय दुसऱ्या कशावर एक रुपयाही खर्चू नये. महागड्या सुधारणा घेऊन फिरणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या पट्ट्यावर दहा वर्षांची धूळ असते.

मग भाचा म्हणाला, "मामा, आता मोटरला आपण घरची वीजच द्यायची नाही."

ही कल्पना जुनी आहे. लिनने १९८२ साली व्हलहाला नावाची पाटी आपल्या यंत्रात बसवली ती याचसाठी. त्यात गारगोटीचा, म्हणजे क्वार्ट्झचा, स्फटिक असतो. तो आपल्या मनगटी घड्याळातल्यासारखा ठरल्या तालात कंप पावतो. त्या कंपाला भाग देत देत ५० आंदोलने मिळवायची, ती मोठी करायची आणि मोटरला द्यायची. १९९० साली त्यांनीच लिंगो नावाची वेगळी पेटी काढली. ज्यांना हाताने करायची हौस आहे त्यांच्यासाठी त्यातला हिशेब फार गोड आहे: ३२,७६,८०० कंपांचा स्फटिक बाजारात मिळतो. त्याला चौदा वेळा निम्मे केले की २०० उरतात. ते दोन फ्लिप-फ्लॉपच्या साखळीतून फिरवले की ५०-५०च्या दोन लहरी मिळतात, आणि दुसरी पहिलीच्या बरोबर पाव फेरा मागे असते.

हा पाव फेरा महत्त्वाचा. मोटरमध्ये तारेची दोन वेटोळी असतात, आणि दुसऱ्याला वीज पाव आंदोलन उशिरा पोचली तरच मोटर गुळगुळीत फिरते. कारखान्यातून येताना हे काम एका कंडेन्सरवर सोपवलेले असते. तो ते अंदाजपंचे करतो, म्हातारा झाला की आणखीच अंदाजपंचे, आणि मग मोटर गुरगुरते. दोन वेटोळ्यांना दोन स्वतंत्र लहरी दिल्या, त्यांचा जोर आणि अंतर हाताने जुळवले, तर बोट लावून कळेल इतकी थरथर कमी होते. मोटर एकदा वेगात आली की व्होल्टेज थोडे उतरवावे. ती आणखी शांत होते. थाळी फिरवायला लागते तरी किती? दोन-चार वॅट. भाच्याने लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या सुट्या भागांतून हे जमवले. लहरी काढायला एक छोटा मायक्रोकंट्रोलर, त्या मोठ्या करायला जुन्या स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरच्या दोन बाजू, आणि शेवटी मोटरला लागेल तेवढे व्होल्टेज चढवायला उलटे जोडलेले दोन ट्रान्सफॉर्मर. या शेवटच्या जागी मात्र जीव जाण्याइतकी वीज असते. ज्याला तिचा सराव नाही त्याने तिथे हात घालू नये, तयार पेटी विकत घ्यावी. तशा आज अनेक मिळतात.

मायक्रोकंट्रोलरचा फायदा असा, की आंदोलने हवी तशी बदलता येतात. ६७.५ केली की पट्टा न हलवता तबकडी ४५ फेऱ्यांवर जाते. अमेरिकेतून ज्यांच्या मुलांनी यंत्रे आणली आहेत त्यांनाही हे उपयोगी आहे. तिकडची मोटर ६० आंदोलनांची. आपण ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावून निश्चिंत होतो. पण ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, आंदोलने नव्हे, आणि गायिका तीन पट्ट्या उतरून पुरुषाच्या आवाजाकडे झुकू लागते.

प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे, की आज केवळ वेगासाठी एवढा खटाटोप करण्याचे कारण फारसे उरलेले नाही. आपल्या पश्चिम विभागात १ जुलै २००२ पासून आंदोलने उतरलेली असताना जादा वीज ओढणाऱ्याला जबर किंमत मोजायला लावणारी पद्धत सुरू झाली, आणि चमत्कार झाल्यासारखी आंदोलने जागेवर आली. २०१३ च्या अखेरीस सगळा देश एका जाळ्यात जोडला गेला. आता ४९.९ ते ५०.०५ ही ठरवलेली मर्यादा आहे, आणि एवढ्या फरकाने बाईंचा सूर हलला तरी आक्कासारख्या कानालाही तो शोधावा लागेल. तबकडीचे भोक अर्धा मिलिमीटर बाजूला पडले असेल तर सूर दर फेऱ्याला त्याच्या कितीतरी पट झुलतो, आणि त्यावर जगातली कोणतीही मोटर उपाय करू शकत नाही.

विजेचे जाळेच नसेल तिथे काय करायचे, याचे उत्तरही एका तबकडीवर कोरलेले आहे. १९७७ साली अमेरिकेने अवकाशात पाठवलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे, आणि तिच्यात गोव्याच्या केरी गावात जन्मलेल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. ती १६⅔ वेगाने फिरवायची. पण परग्रहावरच्या माणसाला, माणूस म्हणायचे तर, मिनिट काय ठाऊक? म्हणून आवरणावर एका फेऱ्याचा काळ, ३.६ सेकंद, हायड्रोजनच्या अणूतल्या एका ठरावीक बदलाच्या मापात लिहिला आहे. सोबत सुई आणि कार्ट्रिजही दिले आहे. केसरबाईंचा सूर उतरू नये याची काळजी इतक्या लांब घेतली गेली, सांगलीत नाही.

असो. यंत्र जोडून झाले त्या दिवशी आक्का आमच्याकडे आली होती आणि स्वयंपाकघरात करंज्या लाटत होती. तिला आम्ही काही सांगितले नव्हते. भाच्याने बाईंची तीच तबकडी लावली आणि मला डोळ्याने खूण करून आंदोलने ४८.५ वर ठेवली.

आतून लाटण्याचा आवाज थांबला. आक्का म्हणाली, "ही आपली संध्याकाळची बाई."

भाच्याने बटण फिरवून ५० केले. क्षणभरात सूर वर सरकला.

"ही रविवार दुपारची."

मग ती पिठाच्या हातानेच बाहेर आली. भाच्याने तिला सगळे सांगितले: वीज, मोटर, दिवा, रेषा. तिने कुठेही मध्ये तोंड घातले नाही. शेवटी एवढेच विचारले, "म्हणजे त्या दिवशी घड्याळ लावून मोजले असते तर?"

"तर साडेपाच सेकंद जास्त आले असते."

अण्णांचे घड्याळ माझ्याच कपाटात आहे. तिने ते मागून घेतले, किल्ली दिली, कानाला लावून पाहिले, आणि थाळीला कपटा चिकटवून शंभर फेरे मोठ्याने मोजले. तीन मिनिटे झाली. तबकडी संपेपर्यंत ती तशीच उभी राहिली. घड्याळ माझ्या हातात परत देताना म्हणाली, "पेटी कुठेय रे?"

पेटीही माळ्यावरच होती. खाली काढली, भाता फुगवला, तबकडी पुन्हा लावली. बाईंचा षड्ज आल्यावर आक्काने काळी चार दाबली. सूर किंचित खालीच लागला; मिरजेच्या त्या गृहस्थांनी घासलेला, तसाच.

"हिला तेवढी वर आणून घे," आक्का म्हणाली, आणि करंज्या तळायला आत गेली.